गुरांचा डॉक्टर गांवांत कां टिकत नाहीं?

शेतकऱ्याच्या घरीं माणूस आजारी पडलें तर शेजारपाजार धांवून येतो. पण ऐन नांगरटींत बैल बसला तर त्या घरची चूल पेटत नाहीं. ही गोष्ट कचेरींत पंख्याखालीं बसणाऱ्या शहाण्यांना कितीहि समजावून सांगितली तरी समजणारी नाहीं. बैल म्हणजे कुणब्याचे हातपाय. गाय-म्हैस म्हणजे घरच्या बाईची आठवड्याच्या बाजाराची पिशवी. शेळी म्हणजे गरिबाची पोस्टांतली ठेव; पोराचीं वह्यापुस्तकें असोत कीं म्हातारीचें औषध असो, नड आली कीं शेळी बाजाराची वाट चालूं लागते. धनगराचा कळप ही त्याची चालती जमीन. कुंभाराचें, वडाराचें आणि बेलदाराचें गाढव हा त्यांचा बिनपगारी गडी. हें सारें धन सकाळीं दावणीला जिवंत दिसेल तरच आपलें. आणि या धनाची राखण करणारा जो गुरांचा डॉक्टर, त्याची खुर्ची आमच्या गांवोगांव रिकामी पडते.

ती रिकामी कां पडते आणि भरावी कशी, याचा आज आम्ही उघड उघड विचार करणार आहों. आमचें म्हणणें पहिल्यानेंच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांचा घोटाळा होणार नाहीं. दूरच्या खेड्यांत राहून काम करणाऱ्या पशुवैद्याला शहरांतल्या पशुवैद्याहून जास्त पैसा मिळाला पाहिजे. आणि गांवांत राहिल्याशिवाय तो पैसा त्याला मिळतां कामा नये. यांतलें पहिलें वाक्य ऐकून सरकार कानांवर हात ठेवील, दुसरें ऐकून डॉक्टर ठेवतील. दोघांनींहि हात खालीं घेऊन ऐकावें.

प्रथम रोजची गोष्ट पहा. रात्रीचे दहा वाजले आहेत. पहिलारू गाय अडली आहे. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आंत दुमडलेला. घरधनी मोबाईल कानाला लावतो.

“डॉक्टरसाहेब, गाय अडलीया. एकच पाय भाइर आलाय बघा.”

“आबा, माझ्याकडं तीन दवाखान्यांचा चार्ज हाय. मी आत्ता पार पलीकडच्या टोकाला हाय. सकाळी येतो.”

“सकाळपातुर गाय ऱ्हाती का, साहेब?”

पलीकडचा तरुण गप्प होतो. तो कांहीं दुष्ट नाहीं. तोहि कुणा कुणब्याचा नाहींतर धनगराचाच पोर आहे, आणि गाय अडली म्हणजे काय होतें हें त्यानें लहानपणीं आपल्याच गोठ्यांत पाहिलें आहे. पण तीन गांवांच्या तीन खुर्च्यांवर एक माणूस बसवला तर तो कोणत्याच खुर्चीवर बसत नाहीं. सकाळपर्यंत वासरूं आंतच मरतें. गाय जगलीच तर जार अडकतो, पिशवींत पू होतो आणि पुढें ती गाभण राहत नाहीं. कर्ज काढून घेतलेली गाय शेवटीं बाजारांत मातीमोलानें जाते. कर्ज मात्र दावणीलाच राहतें. ही गोष्ट एका गांवची नाहीं. वाचकहो, तुमच्याच वाडीवर चौकशी करा. असा एक तरी गोठा सांपडला नाहीं तर आम्हांला खुशाल खोटें म्हणा.

या एकावर तिघांचें ओझें टाकण्याच्या रीतीला कचेरींत मोठें गोड नांव आहे: ‘अतिरिक्त कार्यभार’. आमच्या खेड्यांत पूर्वीं पटकी आली कीं मरीआईचा गाडा करीत. गाडा सजवायचा, त्यावर देवी बसवायची आणि वाजतगाजत शेजारच्या गांवच्या शिवेवर नेऊन सोडायचा. शेजारचें गांव तो पुढच्या शिवेवर नेई. रोग कांहीं जात नसे; फक्त शिव बदलत असे. सत्यशोधकांनीं या खुळ्या समजुतीला हंसून हंसून ती मोडली. पण रिकाम्या जागेचा गाडा एका दवाखान्यावरून दुसऱ्या दवाखान्यावर ढकलणाऱ्या कचेरीला हंसायला अजून कोणी धजत नाहीं. तें काम आम्हीं आज पत्करलें आहे.

आतां थोडे आंकडे. राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं असें सांगितलें कीं दर ५,००० गुरांमागें एक पशुवैद्य असावा. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत गाई-बैल सुमारें १ कोटी ४० लाख आणि म्हशी सुमारें ५६ लाख मोजल्या गेल्या. शेळ्या-मेंढ्या सव्वा कोटीहून अधिक, त्या बाजूला ठेवूं. नुसत्या गाई-बैल-म्हशींचा भागाकार केला तरी गुरांच्या दाराशीं काम करणारे सुमारें ३,९०० पदवीधर पशुवैद्य पाहिजेत. कागदावरच्या शिक्षणक्रमांत, मंत्रालयांत किंवा शहरांतल्या कुत्र्यांच्या दवाखान्यांत बसलेले नव्हेत. गोठ्यांत उभे राहणारे. २०२५ सालीं राज्याच्या लोकसेवा आयोगानें पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. एवढ्या जागा एकदम भरण्याची पाळी आली, यावरूनच आजवर किती तालुके डॉक्टराविना कसेबसे दिवस काढीत होते याची कल्पना येते. त्याच सालीं पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जाहि देण्यांत आला. आनंद आहे. पण दर्जा गाईच्या पोटांत जात नाहीं आणि जाहिरात अडलेलें वासरूं सोडवीत नाहीं. जागा भरल्या म्हणजे माणूस गांवांत आला असें समजणारे लोक गांव पाहिलेले नसतात. खरा प्रश्न पुढचाच आहे. निवडलेला तरुण धडगांव, मोखाडा, भामरागड, जत किंवा माण तालुक्याच्या वाडीवर रुजू होतो तो टिकतो किती दिवस?

तो टिकत नाहीं याला शहरांत तीन उत्तरें तयार असतात.

पहिलें उत्तर सेवाभावाचें. ‘हल्लींच्या पोरांत सेवाभाव उरला नाहीं, पैशाच्या आमिषानें सेवा विकत घेतां येत नाहीं,’ असें हे लोक सांगतात. वाहवा! सेवाभावाचा हा उपदेश नेमका खेड्यांतल्या नोकराच्याच वाट्याला कां येतो? शहरांतल्या मोठ्या कचेरींत बसणाऱ्याला जास्त घरभाडें मिळतें, शहर महाग म्हणून. तेथें सेवाभाव कोणी मागत नाहीं. मग ज्या गांवांत शाळा दहावीपुढें नाहीं, बायकोचें बाळंतपण करायला दवाखाना नाहीं, पावसाळ्यांत एस. टी. येत नाहीं, तें गांव महाग नव्हे काय? तेथें राहणारा माणूस पोरांना तालुक्याला ठेवून दोन चुली पेटवतो. घरभाड्याचा हिशेब गांवाची वस्ती मोजून होतो. गांवाची अडचण मोजून होत नाहीं. म्हणून आडरानांत राहणाऱ्याच्या हातांत शहरांत राहणाऱ्याहून कमी पडतें. जो जास्त सोसतो त्याला कमी, जो कमी सोसतो त्याला जास्त! पूर्वीं हा न्याय धर्माच्या नांवानें चाले, आतां वेतनश्रेणीच्या नांवानें चालतो. रयतेच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच.

दुसरें उत्तर तिजोरीचें. ‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न रयतेच्या कामाच्या वेळींच कां सुचतो तें सोडून देऊं आणि हिशेबच करूं. समजा, अत्यंत दूरच्या १,००० दवाखान्यांच्या पशुवैद्यांना गांवांत राहण्याबद्दल महिन्याला १०,००० रुपये जास्त दिले. वर्षाला एका डॉक्टराचे १ लाख २० हजार. हजारांचे १२ कोटी. आतां दुसरा आंकडा घ्या. २०२२ सालीं जळगांव जिल्ह्याच्या बाजूनें लंपी चर्मरोगाची साथ राज्यांत पसरली. मेलेल्या दुभत्या गाईमागें ३०,००० रुपये, बैलामागें २५,००० आणि वासरामागें १६,००० रुपये भरपाई सरकारनें दिली. म्हणजे एका पशुवैद्याला वर्षभर गांवांत ठेवण्याचा जादा खर्च हा मेलेल्या चार गाईंच्या भरपाईएवढा आहे! चार गाई! आणि हजार डॉक्टरांचा खर्च ४,००० गाईंच्या भरपाईएवढा. त्या एका साथींत राज्यांत याहून कितीतरी जास्त गुरें मातींत गेलीं. डॉक्टर असता तर तीं सारीं वांचलीं असतीं असें आम्ही म्हणत नाहीं. लंपीवर रामबाण औषध नव्हतें, शेळ्यांच्या देवीची लस टोंचून काम भागवावें लागलें. पण ती लस वेळेवर टोंचायला, गाठी फुटलेल्या जखमा धुवायला, आजारी गुरूं निरोग्यांतून वेगळें काढायला माणूस लागतो. तो गांवांत असता तर पहिल्या चार गाठी दिसतांच कळलें असतें. मेल्यावर तीस हजार देणारी तिजोरी जिवंतपणीं दवाखान्यावर खर्च करायला कां रडते, हें आम्हांला कोणीतरी समजावून सांगावें. मढ्याला शालजोडी आणि जित्याला लंगोटी नाहीं, अशांतला हा प्रकार आहे. शिवाय भरपाई येते ती बैलाची. बैलाविना गेलेल्या पेरणीची भरपाई आजवर कोणत्या सरकारनें दिली?

तिसरें उत्तर जबरदस्तीचें. ‘सरकारी खर्चानें शिकतात, तर करार लिहून घ्या, पांच वर्षें खेड्यांत डांबा, न राहील त्याला दंड करा.’ हें उत्तर आमच्या वाचकांपैकींहि पुष्कळांना आवडेल हें आम्ही जाणून आहों. कराराला आमचा विरोध नाहीं. पुढें आम्ही स्वतःच तो मागणार आहों. पण नुसत्या करारानें माणूस टिकत नाहीं याचा दाखला आमच्याच चळवळीच्या इतिहासांत आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं भीमराव आंबेडकरांना अमेरिकेंत शिकायला शिष्यवृत्ति दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची चाकरी करायची असा करार होता. पैसा होता, करार होता, देणारा राजा मोठ्या मनाचा होता आणि घेणारा विद्वान करार पाळायला १९१७ सालीं बडोद्याला आलाहि होता. पण त्या शहरांत त्यांना राहायला बिऱ्हाड मिळालें नाहीं. पारशी धर्मशाळेंतून त्यांना बाहेर काढण्यांत आलें आणि शेवटीं बडोदें सोडावें लागलें. राजाचा हुकूम दरबारांत चालला, बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर चालला नाहीं.

हा दाखला आम्हीं उगाच काढला नाहीं. आज दलित घरांतला पोरगा पशुवैद्य होऊन एखाद्या गांवीं रुजू होतो, तेव्हां ‘खोली रिकामी नाहीं’ असें सांगणारे घरवाले अजून आहेत. तोच पोरगा त्यांच्या म्हशीच्या पोटांत खांद्यापर्यंत हात घालून वासरूं काढतो तेव्हां विटाळ होत नाहीं. त्याला खोली दिली कीं मात्र होतो! आणि मुली? पशुवैद्यकाच्या वर्गांत आतां पुष्कळ मुली आहेत. रात्रीं बेरात्रीं आडवाटेच्या वस्तीवर तिला बोलवायचें आणि तिच्या दवाखान्याला ना संडास, ना कुलपाचें दार, ना सोबतीला शिपाई! मग ती बदली मागते, आणि आपण पारावर बसून म्हणतों, ‘बाईमाणसाचं कामच नव्हं हे.’ काम बाईचें नव्हे असें नाहीं. गांव बाईला राहण्याजोगें आपण ठेवलेलें नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं भत्त्याच्या आधीं बिऱ्हाड. चार खोल्या, पाणी, संडास, वीज आणि लस थंड ठेवायची पेटी, एवढें नसेल तर दहा हजारच काय, वीस हजार दिले तरी माणूस टिकणार नाहीं.

गांवाच्या डॉक्टराला जास्त देणें ही कांहीं आमच्या डोक्यांतून निघालेली चमत्कारिक कल्पना नव्हे. अमेरिका हा पैशाचा देश. तेथेंहि पशुवैद्य खेड्यांत जाईनात. तेथील सरकारनें २००३ सालीं कायदा केला आणि २०१० पासून अशी तजवीज केली कीं कर्ज काढून शिकलेल्या पशुवैद्यानें टंचाईच्या मुलुखांत तीन वर्षें काम करण्याचा करार केला, तर (आरंभींच्या दरानें) वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत त्याचें कर्ज सरकार फेडील. यांतली लक्षांत घेण्यासारखी गोष्ट रकमेची नव्हे. टंचाईचे मुलूख कोणते, याची यादी तेथें जाहीर होते. जागेचें नांव आधीं, माणसाचें मागून. स्कॉटलंडच्या डोंगरांत व बेटांवर लहान शेतकऱ्याकडे जाणाऱ्या पशुवैद्याच्या प्रवासखर्चाचा भार सरकार उचलतें, म्हणजे दवाखान्यापासून लांब राहणें हा त्या शेतकऱ्याचा गुन्हा ठरत नाहीं. आणि दूर कशाला जा? आमच्याच राज्यानें २००२ सालच्या ठरावानें आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतल्या नोकरांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचें तत्त्व मान्य केलें आहे. तत्त्व मान्य आहे. तें पुरें पाळलें जात नाहीं आणि माण, जत, आष्टी, पाटोदा यांसारख्या कोरड्या मुलुखाला, जेथें गुरांवरच माणसें जगतात, तें लागूच नाहीं. दुष्काळ हा कांहीं कमी आडराना नव्हे.

आमच्या देशाला हें काम जमत नाहीं असें म्हणणाऱ्यांना आम्ही बुळकांडीची आठवण देतों. आमच्या आज्यापणज्यांच्या काळीं बुळकांडी आली कीं गांवचा गोठा आठवड्यांत ओस पडे. त्या रोगाचें भारतांतलें शेवटचें गुरूं १९९५ सालीं दिसलें. २००६ सालीं देश आणि २०११ सालीं सारें जग त्या रोगांतून मोकळें झाल्याचें जाहीर झालें. हें नवसानें झालें नाहीं. बर्फाच्या पेटींत लस घालून, वाडी-वस्ती-तांडा करीत पायीं हिंडलेल्या डॉक्टरांनीं, टोंचणाऱ्यांनीं आणि गुरें धरून ठेवणाऱ्या आमच्याच लोकांनीं हें केलें. माणूस गोठ्यापर्यंत पोंचला तेव्हां रोग हरला. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लशी आज आहेत. लाळ्या-खुरकुताची टोंचणी वर्षांतून दोनदां झाली पाहिजे. लस आहे, टोंचणारा पोंचत नाहीं. दुखणें एवढेंच आहे.

‘फिरते दवाखाने आहेत ना, १९६२ नंबर फिरवा,’ असें कोणी सांगेल. फिरता दवाखाना चांगला. आम्ही त्याची निंदा करीत नाहीं. पण केंद्र सरकारच्याच मापाप्रमाणें एक लाख जनावरांमागें अशी एक गाडी. लाखाला एक! विहिरींत पडलेल्याला नदीवरून दोर आणायचा, अशी ही सोय. फिरत्या गाडीनें राहत्या डॉक्टराला मदत करावी. त्याची जागा घेऊं नये.

आतां आमच्या वाचकांच्या मनांतली गोष्ट बोलतों, कारण ती आम्हांला पत्रांतून नव्हे, बांधावर ऐकायला मिळते. ‘आधींच सरकारचा पगार घेतात, वर आमच्याकडून सुईमागें पैसे घेतात, आणि तुम्ही म्हणतां आणखी द्या?’ हा राग खोटा नाहीं. कित्येक ठिकाणीं दवाखान्याच्या वेळेंत डॉक्टर दवाखान्यांत नसतो. घरीं बोलावलें तर पेट्रोल, औषध आणि वर ‘खुशी’ द्यावी लागते. आणि पावती मागितली तर पुढच्या वेळीं फोन उचलला जात नाहीं. अशा माणसाला भत्ता द्या असें आम्ही मेलों तरी म्हणणार नाहीं. म्हणूनच आम्ही आरंभीं दोन वाक्यें सांगितलीं आणि दुसरें सोडून पहिलें कोणी घेऊं नये असें बजावलें. भत्ता माणसाला नव्हे, मुक्कामाला. पगार पदाचा असतो, तो जेथें बसेल तेथें मिळतो. हा भत्ता त्या गांवाचा, गांव सोडलें कीं तो तेथेंच राहील. मुक्कामाचा दाखला कोणी द्यायचा? वरच्या साहेबानें नव्हे. ज्याच्या गोठ्यांत डॉक्टर आला कीं नाहीं तें ठाऊक आहे त्यानें, म्हणजे ग्रामसभेनें. आणि दवाखान्याच्या दारावर फीचा फळा, मराठींत, मोठ्या अक्षरांत. ज्याला खेड्यांत राहून प्रामाणिकपणें जास्त मिळतें त्याला खिशांत हात घालायचें कारण उरत नाहीं. आणि तरीहि जो घालील त्याला हाकलायला मग कोणाची भीड धरायची गरज नाहीं.

आणखी एका माणसाचा हक्क येथें सांगितला पाहिजे. १९८४ च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या पदवीधरानेंच पशुवैद्यकी करावी. पदविकावाल्यांनीं त्याच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचार करावे. कायदा शास्त्राला धरून आहे. पण आजवर महाराष्ट्रांत श्रेणी दोनच्या दवाखान्यांचा गाडा बहुतेक पशुधन पर्यवेक्षकांनींच ओढला. देखरेख करणारा पदवीधर तालुक्याला, आणि शेणामुतांत उभा राहणारा पर्यवेक्षक वाडीवर! वरच्याला भत्ता देऊन खालच्याला कोरडा ठेवाल तर दोघांत भांडण लागेल आणि त्या भांडणांत आमची म्हैस मरेल. विद्येला मान द्यावा; पण राबणाऱ्याचा घांस काढून नव्हे. गांवमुक्कामाचा भत्ता दोघांनाहि, आपापल्या पायरीप्रमाणें मिळाला पाहिजे.

हें सारें असें कां झालें याचें मूळ जुनें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हां चराऊ रानें जंगलखात्याच्या घशांत जाऊन शेतकऱ्यांच्या जनावरांची कशी दैना झाली तें सांगितलें. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८८६ सालीं, मुंबईंत परळला गुरांच्या वैद्यकीचें कॉलेज निघालें. म्हणजे विद्या आली. पण उतरली ती परळला. पुढें नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथें कॉलेजें झालीं. शिरवळच्या कॉलेजाला तर क्रांतिसिंह नाना पाटलांचें नांव आहे. नांव रयतेच्या राजाचें, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या किती पोरांची पावलें रयतेकडे वळतात? साडेपांच वर्षें शिकून पोरगा बाहेर पडतो, त्याला पुण्यांत साहेबांच्या कुत्र्यांचा दवाखाना दिसतो, औषधकंपनीची नोकरी दिसते, नाहींतर स्पर्धापरीक्षेची खोली दिसते. त्याला शिव्या देऊन काय उपयोग? पाणी उताराकडेच वाहतें. तें शेताकडे आणायचें तर पाट खणावा लागतो. शाहू महाराजांनीं वसतिगृहें काढलीं, भाऊराव पाटलांनीं कमवा आणि शिका शिकवलें, तो पाटच होता. आतां त्याच्या पुढचा फांटा खणायचा आहे: शिकून गेलेल्या पोराला परत आणण्याचा.

आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक जिल्ह्यांत पशुवैद्याची टंचाई असलेल्या दवाखान्यांची यादी दरसाल जाहीर करावी व ती चावडीवर लावावी. ती ठरवतांना अंतर, रस्ता, गुरांची संख्या आणि जागा किती दिवस रिकामी होती तें पाहावें. पुढाऱ्याची चिठ्ठी पाहूं नये.

२. त्या यादींतल्या दवाखान्यांना अडचणीच्या मानानें चढता गांवमुक्काम भत्ता द्यावा. शिवेजवळच्या सोयीच्या गांवाला कांहीं नाहीं, आडरानाला सर्वांत जास्त. रात्रीच्या फेरीचा खर्च वेगळा.

३. भत्ता ग्रामसभेच्या दाखल्यावर सहामाही मिळावा. मुक्काम नाहीं तर भत्ता नाहीं.

४. दवाखान्याला लागून राहतें घर, पाणी, संडास, वीज, शीतपेटी आणि वाहन असावें. स्त्री-डॉक्टराच्या सोबतीला शिपाई असावा.

५. तीन वर्षें टिकलेल्याला त्याच्या पसंतीची बदली देण्याचें लेखी वचन द्यावें, आणि पुढच्या शिक्षणाच्या जागेंत त्याला पहिला मान द्यावा. जेथून सुटका नाहीं तेथें कोणी सुखानें जात नाहीं.

६. मेंढपाळ, अल्पभूधारक, शेतमजूर व कारागीर यांच्या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून पुरेसें विद्यावेतन द्यावें आणि पांच वर्षें आपल्याच भागांत काम करण्याचा करार घ्यावा. करार विद्यावेतन देऊन घ्यावा, रित्या हातानें नव्हे.

७. पशुधन पर्यवेक्षकांना या भत्त्यांत त्यांचा वांटा मिळावा.

शेवटीं आमच्या लोकांना चार शब्द. सगळा दोष मुंबईच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं असें कोणी समजूं नये. आपल्याच जातीपातीचे पुढारी चिठ्ठी देऊन चांगल्या डॉक्टराची बदली करवतात, कां तर त्यानें पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या मेलेल्या बैलाला खोटा दाखला दिला नाहीं म्हणून. आपणच अडलेल्या गाईला आधीं भगताकडून अंगारा लावतों, फऱ्या झालेल्या बैलाला डागण्या देतों आणि जनावर थंड पडूं लागलें म्हणजे डॉक्टराला हांक मारतों. मग तें मेलें कीं म्हणतों, ‘डाक्तरनं सुई दिली आन् बैल गेला.’ लस टोंचायला माणूस दारांत येतो तेव्हां ‘दूध कमी होतं’ म्हणून गोठ्याचें दार लावणारेहि आपणच. ज्या गांवाला डॉक्टर टिकवायचा आहे त्यानें त्याला जात न विचारतां खोली द्यावी, रात्रीं आला तर बॅटरी घेऊन वाटेपर्यंत जावें आणि परततांना घोटभर चहा द्यावा. हा भत्ता सरकारच्या हातचा नाहीं. तो आपल्या हातचा आहे.

येत्या ग्रामसभेंत हा विषय काढा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकीं जी सभा आधीं येईल तींत उठून विचारा: आमच्या दवाखान्याची खुर्ची किती महिने रिकामी आहे, ती कोणाच्या अतिरिक्त कार्यभारांत आहे, आणि डॉक्टराचें घर कोठें आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून घ्या, ठराव करा, खालीं बायांच्या सह्या आधीं घ्या, कारण गोठ्यांत पहाटे उठणाऱ्या त्याच आहेत. एका गांवचा ठराव टोपलींत जातो. तालुक्यांतल्या प्रत्येक गांवचा एकच ठराव गेला तर टोपली पुरत नाहीं.

बैलाला बोलतां येत नाहीं. पोळ्याला एक दिवस शिंगें रंगवून आणि पुरणपोळी चारून त्याचें ऋण फिटत नाहीं. त्याच्या वतीनें बोलायचें काम त्याच्या धन्याचें आहे. आणि धनी जर गप्प बसला, तर उद्यां दावें रिकामें झाल्यावर त्यानें कोणाच्या नांवानें बोटें मोडावीं?